नाव घेऊन केलेली प्रार्थना

गेली दोन वर्षं माझी पिशवी खुंटीला टांगलेली आहे. खाकी कापडाची, तळाला दोनदा ठिगळ लावलेली. सून म्हणते, "मम्मी, टाकून द्या ना आता ती." मी ऐकलं न ऐकलं करते. तीस वर्षं त्या पिशवीनं माझा डावा खांदा वाकवला आहे, आता तिला टाकून दिलं तर खांदा काय म्हणेल?

मी बायबल बाई होते. हे काय काम असतं, ते आता आमच्याच मंडळीतल्या मुलींना समजावून सांगावं लागतं, मग या नाताळ अंकाच्या इतर वाचकांचं काय सांगावं. बायबल बाईला झगा नसतो, व्यासपीठ नसतं, रविवारी तिला कोणी उपदेश करायला उभं करत नाही. ती घरोघर जाते. दुपारी, पुरुष कामावर गेल्यावर, बायकांजवळ बसते. कोणाचं बाळ आजारी असलं तर दवाखान्यात सोबत जाते, कोणाला वाचता येत नसलं तर गावाकडून आलेलं पत्र वाचून दाखवते. आणि हे सगळं करता करता, जमलं तर, प्रभूची गोष्ट सांगते. "जमलं तर" हे माझे शब्द आहेत, नेमणुकीच्या कागदावर ते नव्हते.

पिशवीत नवा करार, गायनाचं पुस्तक, वाटायच्या धर्मपत्रिकांचा गठ्ठा, थर्मामीटर, तापाच्या गोळ्या आणि एक फणी असायची. फणी कशाला, असं नव्या बाया विचारत. त्याचं उत्तर माझ्या लहानपणात आहे. मी दहा वर्षांची असताना माझी आई विषमज्वरानं महिनाभर अंथरुणाला खिळली होती. आम्ही तिघी बहिणी, तिघींच्या डोक्यात जटा झालेल्या. तेव्हा सगुणाबाई नावाच्या बायबल बाई आमच्या दारात आल्या. त्यांनी देवाचं नाव काढलं नाही. खोबरेल तेल मागितलं, आम्हाला एकामागून एक पुढ्यात बसवलं आणि केस विंचरले. उवा काढल्या, वेण्या घातल्या, मग आईजवळ जाऊन बसल्या. आठवडाभर रोज आल्या. आठव्या दिवशी आईनंच विचारलं, "बाई, तुम्हाला कोणी पाठवलं?" मग त्यांनी सांगितलं.

पुढं मी या कामात आले तेव्हा त्याच सगुणाबाई माझ्या गुरू झाल्या. त्या म्हणायच्या, "मार्था, आधी बसायला शीक. बोलणं काय, पोपटालाही येतं." मला बोलणं लवकर आलं. बसणं शिकायला फार वर्षं लागली, आणि ते शिकेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं.

गिऱ्हाइकं मात्र आम्हाला एकापेक्षा एक भेटली. (सगुणाबाईंनी "गिऱ्हाइकं" हा शब्द ऐकला असता तर कान पिळला असता.) वेरूळला लेण्यांच्या वाटेवर पेरू विकणारी एक म्हातारी होती. मी दिलेल्या पत्रिका ती हौसेनं घ्यायची. मला वाटायचं, काय ओढ आहे हिला! एके दिवशी पाहिलं तर ती पत्रिकेच्या पुड्या करून त्यात तिखट-मीठ बांधून पेरूबरोबर देत होती. मी डोळे वटारले. ती म्हणाली, "रागावता कामून, बाई? तुमच्याहून लई वाटल्या म्या. मुंबईपस्तोर गेल्या तुमच्या चिठ्ठ्या." पुढच्या खेपेला तिला जास्तच दिल्या.

दुसरा एक गृहस्थ वाळूजकडच्या कामगारांच्या खोल्यांत राहायचा. दर शनिवारी पगाराच्या खुशीत तर्र होऊन तो मला रस्त्यात अडवायचा आणि हात जोडून बाप्तिस्मा मागायचा. "आत्ताच्या आत्ता द्या!" रविवारी उतरली की मला ओळखही दाखवायचा नाही. त्याच्या बायकोला मी विचारलं, याचं काय करू? ती म्हणाली, "शनिवारी देऊन टाका ना बाई, निदान आंघोळ तरी होईल."

लोक विचारत, "तुम्हाला यातून काय मिळतं?" काही रागानं विचारत, काही खरोखरच्या कुतूहलानं. तरुणपणी मी तावातावानं भांडत असे, माझा स्वभाव मुळातच तापट. आता सरळ सांगते. आमच्या शुभवर्तमानात एक शब्द वारंवार येतो: कळवळा. प्रभूनं गर्दी पाहिली आणि त्याला कळवळा आला. जो हात माझ्या डोक्यावरून फिरला तो दुसऱ्याच्या डोक्यावरून फिरावा, एवढीच माझी तळमळ होती. जे आपल्याला गोड लागलं ते एकट्यानं खाववत नाही, तसं. या तळमळीबद्दल मला कधी लाज वाटली नाही. पण कळवळ्यानंही माणूस मोडतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते मी कांताकडून शिकले.

कांता म्हणू तिला. चिकलठाण्याला, कारखान्यांच्या मागच्या वस्तीत तिचं दोन खोल्यांचं घर होतं. दारावर निळा झेंडा, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली चकचकीत भांडी. नवरा वाळूजच्या कंपनीत, शिफ्टच्या बसनं जा-ये करणारा. एक मुलगी, वैशाली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कांतानं पिशवीकडं बघून हसत सांगितलं, "बाई, आधीच सांगते. आमच्या सासऱ्यानं धम्म घेतला, आमचं घर ठरलेलं हाये. तुमचं तुम्हाला गोड, आमचं आम्हाला. पण बाहेर ऊन लई हाये. बसा, च्या घ्या."

मी बसले, आणि पुढं सहा वर्षं दर मंगळवारी तिच्याकडं बसत राहिले.

तिच्या घरी मी नवा करार उघडला असेल तीन-चार वेळा. ती ऐकायची, मग म्हणायची, "चांगला माणूस व्हता तुमचा. आता शेंगा सोला." आम्ही दोघी शेंगा सोलायचो, तांदूळ निवडायचो. मी निघताना मनातल्या मनात तिच्यासाठी प्रार्थना करायची आणि तिला ते कळायचं. "झालं का तुमचं?" विचारायची. झालं म्हटलं की दार उघडायची. माझ्या महिन्याच्या अहवालात "गोडी असलेली घरं" असा एक रकाना होता. त्यात मी कांताचं नाव सहा वर्षं लिहिलं. खरं म्हणजे गोडी मलाच होती, तिच्या घराची.

एका मंगळवारी आम्ही अशाच बसलेलो असताना वैशाली आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच कोसळली. हातपाय आवळले, डोळे फिरले. शेजारची एक बाई आवाज ऐकून चप्पल घेऊन धावली, नाकाला लावायला. मी मिशनच्या दवाखान्यात काही महिने काम केलेलं होतं. तिला थांबवलं, वैशालीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी पिशवी ठेवली आणि घड्याळ बघत बसले. दोन-तीन मिनिटांत सगळं थांबलं. कांतानं शेजारणीला, चक्कर आली म्हणून सांगून वाटेला लावलं आणि दाराला कडी घातली.

मग ती माझ्याजवळ येऊन बसली. "बाई, ही चक्कर नव्हं. फीट हाये. चौथीत असल्यापासून. आमच्या दोघांशिवाय कुणाला ठावं नाय. आता तुम्हाला."

"औषध चालू आहे का?"

"चालू हाये. आठ महिने झाले, एकदा बी आली नव्हती. ह्या हप्त्यात सोयरीक जमली, त्या धांदलीत दोन दिस गोळ्या चुकल्या." मुलगा वाळूजच्याच कंपनीतला, वैशालीच्या बापाच्या बसमधून जाणारा. घर चांगलं, मुलगाही समजूतदार. "लपवायचं नाय आम्हाला," कांता म्हणाली. "पोरगी म्हणती, मी सोताच सांगीन त्याला, साखरपुड्याच्या आधी. तिच्या तोंडानं सांगू द्या. तवर तुमच्या पोटात ऱ्हाऊ द्या, बाई."

मी तिचा हात हातात घेऊन शब्द दिला. वैशालीचे केस विस्कटले होते. मी पिशवीतून फणी काढली, तिला पुढ्यात बसवलं आणि वेणी घातली. त्या दुपारी माझ्या मनात त्या मुलीबद्दल जे दाटून आलं होतं त्याला कळवळ्याखेरीज दुसरा शब्द नाही. बसमध्ये मी सगळ्या लोकांसमोर रडले.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. बुधवारी दुपारी आमच्या बहिणींची प्रार्थनासभा असते. तिची एक रीत आहे. गायन झालं की एकेक बहीण उभी राहते आणि आपली विनंती मांडते: कोणाच्या मुलाची नोकरी, कोणाच्या सासूचं ऑपरेशन. आणि विनंती मांडायची ती नाव घेऊन. "एका भगिनीसाठी" अशी मोघम प्रार्थना आमच्यात कोणाला पटत नाही. नाव घेतलं की प्रार्थनेला धार येते, असं आम्ही मानतो. मग सगळ्या जणी ते नाव घेऊन, डोळे मिटून, मोठ्यानं प्रार्थना करतात. ज्यानं हे कधी अनुभवलं नाही त्याला त्यातली ताकद सांगून कळणार नाही. माझा स्वतःचा मुलगा त्या आवाजांच्या जोरावर न्यूमोनियातून उठलेला आहे, असं मी आजही मानते.

मी उभी राहिले. मी कांताचं नाव घेतलं, वैशालीचं घेतलं, फीटचं सांगितलं, सोयरिकीचं सांगितलं. मनात पुसटशीही शंका आली नाही की मी शब्द मोडते आहे. मला वाटलं, मी कोणाला कुठं सांगते आहे? मी तर देवापुढं मांडते आहे. त्या दिवशीची प्रार्थना फार उत्कट झाली. बायका हुंदके देऊन रडल्या. घरी जाताना मला हलकं वाटत होतं.

आता आमच्याकडचं एक वास्तव बाहेरच्यांना सांगायला हवं. इथल्या कितीतरी घरांत एका आजोबाची दोन नातवंडं, एक बुद्धविहारात जाणारं, एक चर्चमध्ये. धर्म वेगळे झाले तरी बारशाला, मयताला एकमेकांच्या दारात असतातच. त्या सभेतली एक बहीण त्या मुलाच्या आईची चुलत बहीण निघाली. ती काही कपटी नव्हती. तिलाही कळवळाच आला होता. तिनं फोन करून सांगितलं, "अगं, तुझी होणारी सून आजारी असते, तिला नीट सांभाळून घे हं. आम्ही तिच्यासाठी प्रार्थना केली."

चार दिवसांत सोयरीक मोडली. वैशालीला तिच्या तोंडानं काही सांगायची वेळच आली नाही. फसवायला निघालेले लोक, असा शिक्का मात्र बसला.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मंगळवारी मी नेहमीसारखी गेले. कांता दारात उभी होती, बाजूला सरली नाही.

"बाई, वैशूचं तुम्ही कुणाला सांगितलं?"

"कोणाला नाही गं."

"आठवून बघा."

मी खरोखर आठवून पाहिलं. मग म्हणाले, "सांगितलं नाही कोणाला. फक्त प्रार्थनेत मांडलं."

"प्रार्थनेत म्हंजी कुठं?"

"आमच्या बायकांच्या सभेत."

"किती बाया व्हत्या?"

"असतील पंधरा-सोळा."

ती माझ्याकडं बघत राहिली. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. हळूच म्हणाली, "तुमच्या देवाला माझ्या पोरीचं नाव सांगायला सोळा बाया लागत्यात व्हय?"

मी माफी मागायला तोंड उघडलं आणि निघालं ते असं: "कांता, मी कळवळ्यानं केलं." हे वाक्य मी आजवर शंभर वेळा गिळून टाकायचा प्रयत्न केला आहे. माफी मागायची सोडून मी माझा चांगुलपणा पुढं केला.

ती आत गेली. मला वाटलं, दार लावेल. पण ती पाण्याचा पेला घेऊन आली आणि उंबऱ्याच्या आत उभी राहून माझ्या हातात दिला. ऊन होतं, मला तहान होती. मी बाहेर उभी राहून पाणी प्यायले. उंबऱ्याबाहेर पाणी प्यायचा अर्थ आमच्या दोघींच्या आज्यांना चांगला ठाऊक होता. तो कांतालाही ठाऊक होता. पेला परत घेताना तिचे डोळे भरलेले होते. "या आता," ती म्हणाली, आणि तिचं ते "या" परत येण्यासाठी नव्हतं.

मी पुढचे कितीतरी मंगळवार गेले. माफी नीट मागितली, दारात उभी राहून, कळवळ्याचं नाव न काढता. तिनं ऐकून घेतलं. दर वेळी पाणी मिळालं, दर वेळी बाहेर. वैशालीच्या बापानं शिफ्ट बदलून घेतली, कारण तो मुलगा त्याच बसनं जायचा आणि रोज समोरासमोर बसणं जमेना. हे मला शेजारणीनं सांगितलं. मग एके दिवशी दाराला कुलूप दिसलं. घर विकून ते शहरात दुसरीकडं कुठंतरी गेले होते. कुठं, ते विचारायचा हक्क मला उरला नव्हता.

मी काम सोडलं नाही. काही जणी म्हणाल्या, विसर आता, प्रभूनं क्षमा केली. केली असेल. पण मला प्रभूची क्षमा जितकी हवी होती तितकाच कांताच्या घरातला तो चहा हवा होता, हे मी कोणाला सांगू? सभेत विनंती मांडायची वेळ आली की मी खाली बघत बसायची. चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, "मार्थाबाई, तुमच्या घरांपैकी कोणासाठीच विनंती नाही?" मी म्हटलं, "आहे. पण ती मी घरी करते." त्यांना वाटलं असेल, म्हातारी चिडखोर झाली. ती तर मी आधीपासूनच होते.

रोज पहाटे मी कांताचं नाव घेत राहिले. सुरुवातीला मागायची, ती प्रभूकडं येऊ दे. पुढं पुढं माझी मागणी इतकी आखूड झाली की मलाच लाज वाटे: ती एकदा भेटू दे. आम्ही ज्या सार्वकालिक घराची आशा धरतो तिथं माझ्यासाठी जागा असेलही, पण त्या घराचा विचार मनात आला की मला आत कांता शेंगा सोलत बसलेली दिसते. ती नसेल तर तिथं मी कोणाजवळ बसू? उपदेशक याला चुकीची शिकवण म्हणतील, म्हणोत बापडे. तीस वर्षं ज्या ओढीनं मी लोकांच्या दारात गेले ती ओढ हीच होती.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस गुडघा दाखवायला मी सरकारी दवाखान्यात गेले होते. रांगेत बाकावर बसलेली एक बाई, उजवा हात प्लास्टरमध्ये. केस पांढरे, मोकळे, एका हातानं मागं सारत होती आणि ते पुन्हा पुढं येत होते. तिनं वर पाहिलं.

"बायबलवाल्या बाई," ती म्हणाली.

तिनं डाव्या हातानं शेजारची जागा झाडली. मी बसले. निदान बसणं तरी मला आता जमत होतं.

मग मीच विचारलं, "वैशाली?"

"पुण्याला हाये. लॅबमध्ये कामाला. फीट कवाच थांबली. लगीन नाय केलं. नको म्हणती. खुशीत हाये का कसं, मला काय बी सांगत नाय."

मी मान खाली घातली. ती म्हणाली, "पोरगी काल सकाळी परत गेली, तवापासून ह्यो असाच अवतार हाये. एका हातानं येणी घालता येत नाय. फणी असंल की तुमच्याजवळ?"

पिशवी तर खुंटीला होती. पण पर्समध्ये फणी होती. ती तिथंही असतेच. मी बाकावर तिच्या मागं सरकले आणि तिचे केस हातात घेतले. विरळ झाले होते. मी टोकापासून गुंता सोडवत गेले. समोरून माणसं जात-येत होती, नंबर पुकारले जात होते.

"अजून जाता का घराघरात?" तिनं पुढं बघतच विचारलं.

"नाही. रिटायर झाले."

"माझ्यासाठी करता का ते अजून?"

"रोज."

"बायांमध्ये?"

"नाही गं. एकटी. मनात."

"नाव घेऊन?"

मी खोटं बोलू शकले असते. "हो," म्हटलं. "नाव घेऊनच."

वेणी अर्ध्यावर आली होती. मग ती म्हणाली, "मनात घ्या. तिथं घ्यायला माझी ना नाय."

तिचा नंबर लागला. उठताना तिनं वेणी पुढं घेऊन पाहिली. "चांगली घातली," म्हणाली आणि आत गेली. घरी या, असं ती म्हणाली नाही. पत्ता दिला नाही, मी मागितला नाही. माझ्या फणीत तिचे दोन-चार पांढरे केस राहिले होते. ते मी अजून काढलेले नाहीत.

इथवरचा लेख वाचून अंकाच्या संपादकांचा फोन आला. अनुभव हृदयस्पर्शी आहे, म्हणाले, पण त्या भगिनीचं खरं नाव आणि एखादा फोटो मिळाला तर साक्ष जास्त परिणामकारक होईल. शिवाय अंकाचे सगळे वाचक तिच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करू शकतील. माणूस चांगला आहे, मनापासून बोलत होता. मी नाही म्हटलं. कांता हे तिचं नाव नाही. मुलीचंही नाव मी बदललं आहे, वस्ती बदलली आहे आणि पुणेही पुणे नसेल. तिच्यासाठी प्रार्थना करा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते काम मी माझ्याकडं ठेवलं आहे.